उघडी बाजू

चारशे बारा गाड्या. पाच मजले.
उतार शंभराला पाच,
त्याहून जास्त असला की गाडी लावून निघालेला माणूस
हँडब्रेक बघायला परत फिरतो.
खांब अशा बेतानं
की कुणाचं दार खांबाला चाटू नये.
एवढं मला येतं. एकवीस वर्षं हेच करते आहे,
गाड्यांना घरं बांधते,
माणसं त्यातून नुसती जातात.

मार्श रोड स्टेशनचं काम आलं तेव्हा
तिथे डांबराचं मैदान होतं.
भेगांतून खारं गवत,
कडेला मार्च सरला तरी न वितळलेला
बर्फाचा काळा ढीग,
आणि एक टपरी. टपरीत अव्हेलिनो फुर्टाडो,
अझोर्सच्या कुठल्याशा बेटावरून आलेला,
पायाशी हीटर, मांडीवर पावतीपुस्तक.

रेल्वेच्या हॉलिस ट्रेडवेलला एकच आकडा हवा होता:
बॉस्टनहून सहा-चारची ट्रेन आली
की इमारत रिकामी व्हायला किती मिनिटं?
अठरा, मी म्हटलं.
कॉम्प्युटरवर ठिपके सोडून दाखवले,
शहाणे ठिपके, मुंग्यांसारखे,
एकामागून एक फाटकाबाहेर.

टेबलाच्या टोकाला अव्हेलिनो होता.
टपरी जाणार, म्हणून उपचारापुरता बोलावलेला.
म्हणाला, "लगेच नाही निघत ते."
कोण?
"सगळे नाही. पण पुष्कळ.
गाडीत बसतात. किल्ली हातात, इंजिन बंद.
दहा मिनिटं, कधी वीस.
ती निळ्या सुबारूवाली, दातांच्या दवाखान्यातली,
ती तर जेवूनच निघते.
एक आहे, सूटबूट. समोर बघत बसतो नुसता.
घर चार मैलांवर आहे त्याचं. मला ठाऊक आहे."
ट्रेडवेल हसला.
मी वहीत लिहिलं: १८ + ?

त्या संध्याकाळी थांबले मैदानात.
सहा-चार आली, सहा-अकराला.
दारं धडाधड लागली, दिवे पेटले,
फाटकाशी रांग.
आणि रांगेच्या मागे, काळोखात,
एकतीस गाड्या जागच्या हलल्या नाहीत.
काचांवर आतून वाफ धरत गेली.
माझी धरून बत्तीस.

नकाशात पश्चिमेला काँक्रीटची भिंत होती,
साडेतीन फूट,
उभ्या माणसाच्या कमरेला लागेल अशी,
आणि बसलेल्याच्या डोळ्यांना बरोब्बर आडवी.
ती पुसली.
तिथे पोलादी तारा ओढल्या, अकरा,
चुकून पुढचा गिअर पडला
तरी गाडी अडेल इतक्या ताणाच्या.
तारांपलीकडे दलदल,
भरतीचं पाणी आत येतं ती वाकडी वाट,
एक बंद पडलेला सिग्नल.
विशेष काही नाही. पण राखाडी भिंत नाही.

ट्रेडवेल म्हणाला, तारा कशाला?
समुद्राचं वारं आहे, मिठानं खातील.
जस्ताचा लेप देऊ.
पण कशाला?
नियमानं बाजू उघडी लागते, म्हटलं, धूर कोंडतो.
ते खोटं नव्हतं.
नकाशावर बारीक अक्षरांत तसंच लिहिलं आहे:
पश्चिम बाजू, हवेसाठी.

डिसेंबरात सहाला मिट्ट काळोख असतो,
हे मला काँक्रीट ओतल्यावर सुचलं.

उद्घाटनाला अव्हेलिनो आला, इस्त्रीचा कोट घालून.
चौथ्या मजल्यावर तारेला धरून उभा राहिला,
एक तार झंकारून बघितली.
चांगलं आहे, म्हणाला.
मग विचारलं, पावती आता कोण देणार?
मशीन.
"आणि काच कोण ठोकणार?"
कसली काच?
"झोप लागते ना त्यांना कधीकधी.
साडेसातला मी एक फेरी मारायचो."

पाचही मजल्यांचे नकाशे माझ्या काखेत होते,
गुंडाळी करून.
मी ते या काखेतून त्या काखेत घेतले.